शरद जोशी यांची परकीय मदत व दारिद्र्याविषयीची भूमिका

शेतकरी संघटनेचे संस्थापक आणि माजी राज्यसभा सदस्य शरद अनंतराव जोशी (३ सप्टेंबर १९३५ – १२ डिसेंबर २०१५) यांनी गरीब देशांतील दारिद्र्याची कारणे आणि त्यावरील उपाय यांविषयी वेगळी मांडणी केली. दारिद्र्य हे साधनांच्या किंवा मदतीच्या अभावाने नव्हे, तर शेतीमालाला उत्पादन खर्चही भरून निघणार नाही असा भाव मिळाल्याने निर्माण होते, हे या मांडणीचे मुख्य सूत्र होय. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही संघटनेची घोषणा या भूमिकेचे सार मानली जाते. विदर्भातील कापूस उत्पादक पट्ट्यात, विशेषतः वर्धा जिल्ह्यात, या विचाराला मोठा पाठिंबा मिळाला. या जिल्ह्यातील हिंगणघाट ही कापसाची जुनी बाजारपेठ आहे.

पार्श्वभूमी

जोशी १९५८ साली भारतीय टपाल सेवेत दाखल झाले. १९६८ ते १९७७ या काळात त्यांनी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जागतिक टपाल संघाच्या मुख्यालयात काम केले. हा संघ संयुक्त राष्ट्रांची विशेष संस्था आहे. दारिद्र्यनिर्मूलनाच्या आंतरराष्ट्रीय योजना कशा आखल्या जातात, हे या नोकरीमुळे त्यांना जवळून पाहता आले. दारिद्र्याचे मूळ अशा योजनांत नव्हे तर कोरडवाहू शेतीत शोधले पाहिजे, अशी त्यांची धारणा झाली. १९७७ मध्ये नोकरी सोडून ते भारतात परतले आणि पुणे जिल्ह्यात चाकणजवळील आंबेठाण येथे कोरडवाहू जमीन घेऊन स्वतः शेती करू लागले. ‘अंगारमळा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शेतीच्या हिशेबातून त्यांची पुढील मांडणी आकाराला आली. १९७९ मध्ये शेतकरी संघटना स्थापन झाली आणि १९८० मध्ये चाकणच्या कांदा आंदोलनाने ती राज्यभर परिचित झाली.

मांडणीचे स्वरूप

श्रीमंत देश गरीब देशांचे शोषण करतात, हा विचार त्या काळात रूढ होता. जोशी यांच्या मते शोषणाची मुख्य रेषा देशादेशांमध्ये नसून देशाच्या आत होती. ही रेषा त्यांनी ‘इंडिया’ आणि ‘भारत’ या जोडीने दाखवली. कच्चा माल स्वस्तात घेऊन पक्का माल महाग विकण्याची वासाहतिक पद्धत स्वातंत्र्यानंतरही चालूच राहिली आणि गोऱ्या इंग्रजाची जागा काळ्या इंग्रजाने घेतली, असे ते म्हणत. औद्योगिक भांडवल उभे करण्यासाठी शेतीतील बचत काढून घ्यावी की नाही, यावर १९२० च्या दशकात सोव्हिएत रशियात झालेल्या वादाचा दाखलाही ते देत.

या दृष्टीने पाहता बाहेरून आलेली मदत ‘इंडिया’च्या हाती पडते आणि ‘भारता’तील उत्पादकाची स्थिती आणखी बिकट करू शकते. त्यामुळे दारिद्र्यनिर्मूलनाच्या योजना वाढवण्यापेक्षा दारिद्र्य निर्माण करणारी धोरणे थांबवावीत, असा त्यांचा आग्रह होता.

अन्नमदतीचा प्रश्न

अमेरिकेत १९५४ साली संमत झालेल्या ‘पब्लिक लॉ ४८०’ या कायद्याखाली भारताशी १९५६ मध्ये करार झाला. त्यानुसार अमेरिकेतील शिलकी गहू रुपयांत किंमत घेऊन भारताला मिळू लागला. १९६५ व १९६६ च्या दुष्काळांत या गव्हामुळे मोठी टंचाई टळली. परंतु अशा आयातीने स्थानिक धान्याचे भाव दबतात आणि शेतकऱ्याची उत्पादनवाढीची प्रेरणा मंदावते, अशी टीका अर्थशास्त्रज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६० मध्येच केली होती. रास्त भाव दुकानांची वेगळी बाजारपेठ असल्याने हा परिणाम बराच सौम्य झाला, असे इतर काही अभ्यासकांचे मत आहे. शेतकरी संघटनेच्या विचारात मात्र अन्नमदत आणि भाव पाडण्यासाठी केलेली आयात ही एकाच धोरणाची अंगे मानली गेली.

कापूस व हिंगणघाट

वेणा नदीकाठचे हिंगणघाट वर्धा–बल्लारशा लोहमार्गावर आहे. ‘हिंगणघाट’ या नावाने ओळखला जाणारा लांब धाग्याचा देशी कापूस एकोणिसाव्या शतकात प्रसिद्ध होता. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–१८६५) तेथील कापसाचा पुरवठा आटल्याने वऱ्हाड व वर्धा भागातील कापसाला मोठी मागणी आली. युद्ध संपताच भाव कोसळले. हिंगणघाटात १८८१ मध्ये कापड गिरणी सुरू झाली. येथील शेतकऱ्याचे उत्पन्न दूरच्या बाजारावर अवलंबून असणे ही त्यामुळे नवी गोष्ट नव्हती.

महाराष्ट्रात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना लागू झाली. राज्याबाहेर कापूस विकण्यास असलेली बंदी आणि केंद्राचे निर्यातीवरील निर्बंध यांमुळे शेतकऱ्याला जागतिक भावाचा लाभ मिळत नाही, असा संघटनेचा आक्षेप होता. कृत्रिम धाग्याला अनुकूल असलेल्या १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणालाही तिने विरोध केला.

जागतिक व्यापार व उणे सबसिडी

गॅट वाटाघाटींतील डंकेल प्रस्तावाला बहुतेक शेतकरी संघटनांचा विरोध असताना जोशी यांनी त्याचे समर्थन केले. कर्नाटक राज्य रयत संघाचे एम. डी. नंजुंडस्वामी हे विरोधकांत प्रमुख होते. शेतीला दिलेल्या आधाराचा हिशेब भारत सरकारने या करारासाठी सादर केला, तेव्हा पिकांना थेट दिलेला आधार ‘उणे’ निघाला. म्हणजे शेतकऱ्याला मिळणारा भाव जागतिक भावापेक्षा कमी होता. ‘उणे सबसिडी’च्या आपल्या मांडणीला सरकारनेच दिलेली ही कबुली आहे, असे जोशी सांगत.

श्रीमंत देशांची अनुदाने आणि गरीब देशांना मिळणारी मदत यांतील विसंगती कापसाच्या बाबतीत ठळकपणे पुढे आली. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या आफ्रिकी देशांनी २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत कापूस अनुदाने रद्द करण्याची मागणी केली. अमेरिकेच्या कापूस अनुदानांविरुद्ध ब्राझीलने केलेल्या तक्रारीचा निकाल २००५ मध्ये अपिलातही ब्राझीलच्या बाजूने लागला.

देशांतर्गत मदतीबाबत भूमिका

हेच तत्त्व जोशी यांनी सरकारी मदतीलाही लावले. ‘कर्जमाफी’ या शब्दात शेतकऱ्याचा अपराध आणि सरकारची कृपा गृहीत धरली जाते, म्हणून संघटनेने ‘कर्जमुक्ती’ हा शब्द वापरला. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी वर्ध्यासह विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. अशी मदत आणि भावाचे स्वातंत्र्य यांत प्राधान्य कशाला द्यावे, हा प्रश्न त्यामुळे पुन्हा चर्चेत आला. जोशी त्या वेळी राज्यसभेचे सदस्य होते (२००४–२०१०).

टीका

भाववाढीचा लाभ प्रामुख्याने विक्रीयोग्य उत्पादन असलेल्या शेतकऱ्यांना होतो, तर भूमिहीन मजुरांना धान्य महाग पडते, असा डाव्या विचारांच्या अभ्यासकांचा आक्षेप आहे. शेतीला भाव मिळाल्याशिवाय मजुरीही वाढणार नाही, असे उत्तर संघटनेने दिले. जागतिक भाव घसरतात तेव्हा खुल्या बाजारात कोरडवाहू शेतकऱ्याला संरक्षण कोणते, हा दुसरा आक्षेप विदर्भातील कापसाच्या संदर्भात वारंवार घेतला जातो.