सातशे एमबीच्या मापातला सिनेमा

सेकंदाला ११५० किलोबिट. १९९३ साली फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी या कंपन्यांनी व्हिडिओ सीडीचं मानक ठरवलं, तेव्हा चित्राच्या वाट्याला एवढंच आलं. हा आकडा कुणाच्या डोळ्यांना पसंत पडला म्हणून ठरलेला नव्हता. गाण्यांची सीडी ज्या वेगाने फिरते, त्याच वेगाने तबकडीवरून जेवढी माहिती उचलता येते, त्यातून आवाजाचे २२४ किलोबिट बाजूला काढले की चित्राला जवळपास हेच उरतं. त्यामुळे एका व्हीसीडीवर मावणारा सिनेमाही गाण्यांच्या सीडीइतकाच, ७४ मिनिटांचा; पुढे ८० मिनिटांचा. अडीच-तीन तासांच्या हिंदी सिनेमाला दुसरी, कधी तिसरी तबकडी लागे आणि ऐन रंगात आलेल्या प्रसंगाला घरातल्या कुणाला तरी ती बदलायला उठावं लागे.

घरबसल्या सिनेमा एका स्वरूपातून दुसऱ्यात बदलणाऱ्यांच्या सेटिंगचा इतिहास इथून सुरू होतो. पहिली कित्येक वर्षं ही सेटिंग माणसाने नव्हे, तबकडीने ठरवली.

या सगळ्याच्या मुळाशी असलेलं गणित मात्र त्याहून जुनं आहे आणि त्याचा धागा भारतापर्यंत येतो. बंगळूरुत जन्मलेले नासिर अहमद अमेरिकेत कॅन्ससमध्ये शिकवत होते. चित्र दाबून साठवण्याच्या एका पद्धतीसाठी त्यांनी १९७२ मध्ये तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितलं. ते नाकारलं गेलं. अहमद यांनी काम सोडलं नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी जानेवारी १९७४ मध्ये ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’वरचा निबंध छापला. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन करायचे, प्रत्येक चौकोनातले ठळक चढउतार जपायचे आणि डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे सोडून द्यायचे, अशी ती युक्ती. जेपेग फोटो, व्हीसीडी, डीव्हीडी, सगळे तिच्यावर उभे आहेत. व्हीसीडीवर धावपळीच्या दृश्यात पडदा चौकटी-चौकटींनी फुटलेला दिसायचा, ते हेच चौकोन. बिट अपुरे पडले की सोडून द्यायच्या बारकाव्यांत डोळ्याला दिसणारेही जात.

डीव्हीडी १९९६ च्या नोव्हेंबरात जपानमध्ये आली. एका थरावर ४.७ जीबी आणि चित्र व्हीसीडीहून कितीतरी स्वच्छ. तिला नक्कल रोखणारं कुलूपही होतं. १९९९ मध्ये ते उघडणारा ‘डीसीएसएस’ हा प्रोग्रॅम बाहेर आला आणि नॉर्वेतल्या योन लेक योहान्सन या कोवळ्या पोरावर खटला भरला गेला. २००३ मध्ये तो दोनदा निर्दोष ठरला. भारताच्या कॉपीराइट कायद्यात अशा कुलपांविषयीचं कलम २०१२ च्या दुरुस्तीने आलं.

कुलूप उघडलं तरी ४.७ जीबी ठेवायचे कुठे? त्या काळी घरात परवडणारी वस्तू म्हणजे कोरी सीडी, ७०० एमबीची. त्याच सुमारास फ्रान्सच्या जेरोम रोता याने चित्र दाबणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या एमपेग-४ कोडेकमध्ये फेरफार करून तो ‘डिव्हएक्स’ नावाने खुला केला. पुढे त्याची कंपनी झाली. २००१ मध्ये त्या कंपनीच्या खुल्या प्रकल्पातून काहीजण फुटून निघाले आणि त्यांनी तेच नाव उलटं करून ‘एक्सव्हिड’ काढला. एक सिनेमा, एक सीडी हा तेव्हाचा दंडक झाला.

मग कागद-पेन्सिल आली. ७०० एमबी म्हणजे सुमारे ५८७० मेगाबिट. दोन तासांच्या सिनेमाचे सेकंद ७२००. भागाकार केला की सेकंदाला ८१५ किलोबिट. एमपी-थ्री आवाजाचे १२८ वजा केले की चित्राला ६८७ उरतात. एवढ्यात हॉलिवूडचा सिनेमा बरा दिसे. हाच हिशेब २००१ च्या ‘लगान’ला लावून पाहावा. तो ३ तास ४४ मिनिटांचा. चित्राच्या हाती पडतात जेमतेम ३०९ किलोबिट, आणि त्यात मैदानभर माणसं, धूळ, क्रिकेट. अशा सिनेमाला दोन सीडी द्याव्या लागत, नाहीतर चित्राचा आकार लहान करावा लागे.

याच टंचाईतून ‘टू-पास’ची सवय लागली. पहिल्या फेरीत संगणक सिनेमा नुसता तपासतो, कुठे मारामारी आहे, कुठे दोन माणसं शांत बोलत बसली आहेत, याची नोंद करतो. दुसऱ्या फेरीत, ठरल्या पगारात महिना काढणाऱ्या गृहिणीसारखा, शांत दृश्यांत हात आखडून तो धावपळीसाठी बिट राखून ठेवतो. वेळ मात्र जवळपास दुप्पट लागे. त्यामुळे काम रात्री लावून ठेवायचं आणि सकाळी बघायचं, असा शिरस्ता होता.

हार्ड डिस्क स्वस्त झाल्या तसा हा प्रश्नच बदलला. मे २००३ मध्ये चित्र दाबण्याचं एच.२६४ हे मानक मंजूर झालं. लोराँ एमार याने सुरू केलेला ‘एक्स२६४’ हा खुला एन्कोडर लोरेन मेरिट आणि जेसन गॅरेट-ग्लेझर यांनी पुढे नेला. त्यातल्या ‘सीआरएफ’ या सेटिंगने आकाराचा हिशेब उलटा फिरवला. फाइल केवढी हवी हे सांगायचंच नाही, चित्र किती चांगलं हवं तेवढं सांगायचं. मोजपट्टी ० ते ५१, आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं, काहीच न सांगितलं तर २३. आकडा सहाने खाली आणला की फाइल साधारण दुप्पट होते. वेळेसाठी वेगळे दहा प्रीसेट, म्हणजे तयार सेटिंग, ‘अल्ट्राफास्ट’पासून पुढे. शेवटच्याचं नाव ‘प्लसीबो’, म्हणजे नुसतं समाधान देणारं खोटं औषध, कारण तिथे रात्र जाते आणि फरक दिसत नाही.

ही ताकद सामान्य माणसाच्या हाती दिली ती ‘हँडब्रेक’ या प्रोग्रॅमने. एरिक पेटिट याने २००३ मध्ये तो बीओएस या आता विस्मरणात गेलेल्या प्रणालीसाठी लिहिला. २००५ मध्ये व्हिडिओ दाखवणारा आयपॉड आला, मग अॅपल टीव्ही, आणि उपकरणाच्या नावाचे तयार प्रीसेट लोकप्रिय झाले. हँडब्रेकची १.० ही आवृत्ती मात्र थेट २०१६ च्या डिसेंबरात निघाली, तेरा वर्षांनी. तोवर एच.२६४ च्या पुढचं एच.२६५ हे मानक आलेलं होतं. २०१८ मध्ये ‘एव्ही१’ही आलं.

मराठी घरांतला माल यापेक्षा थोडा निराळा आहे. लग्नाच्या व्हीएचएस कॅसेट, नाटकांच्या व्हीसीडी, आणि २००७ मध्ये मोझर बेअर या कंपनीने २८ रुपयांना व्हीसीडी, ३४ रुपयांना डीव्हीडी विकायला काढल्यावर कपाटात जमलेले सिनेमे. कॅसेटवरचं चित्र सेकंदाला पन्नास अर्ध्या चौकटींचं असतं. ते तसंच बदललं तर हात हलला की कडेला आडव्या दातेरी रेघा उमटतात. म्हणून ‘डीइंटरलेस’ चालू करावं लागतं. सिनेमाच्या डीव्हीडीत आणखी एक गंमत आहे. सेकंदाला २४ चौकटींचा सिनेमा टीव्हीच्या पाल पद्धतीत २५ ने पळतो, म्हणून अडीच तासांचा खेळ १४४ मिनिटांत संपतो आणि आवाजही किंचित वर चढतो.

आज हे काम करायला बसणाऱ्याने बिटरेटच्या, म्हणजे सेकंदाला किती किलोबिट या हिशेबाच्या, वाटेला जाऊ नये. डीव्हीडीसाठी हँडब्रेकचीच शिफारस सीआरएफच्या मोजपट्टीवर १८ ते २२ ची आहे. २० वर ठेवावं, प्रीसेट ‘स्लो’ निवडावा आणि आधी दोन मिनिटांचा तुकडा करून टीव्हीवर बघावा. व्हीसीडी मात्र पुन्हा एन्कोड करू नये. तिच्यात गेलेले बारकावे कोणत्याही सेटिंगने परत येत नाहीत, उलट उरलेलेही कमी होतात. तिची फाइल आहे तशीच उतरवून घ्यावी, आणि तबकडी वाचणारा ड्राइव्ह घरात चालू आहे तोवरच.