मैना अजून गावाकडेच आहे

दापोडीत एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. गाव सोडून कामाला आलेला माणूस कोण, हे इथं समजावून सांगायला नको. त्याच माणसाचं गाणं आज आपण पाहू: अण्णाभाऊ साठे यांची छक्कड, 'माझी मैना गावावर राहिली'.

आम्ही तत्त्वज्ञानवाले आधी विचारतो, हे गाणं नेमकं कशाबद्दल आहे? संयुक्त महाराष्ट्राबद्दल, असं पटकन उत्तर येतं. ते अर्धं खरं. १ मे १९६० ला मुंबईसह राज्य झालं. निव्वळ चळवळीचं गाणं तिथंच थांबलं असतं. हे थांबलं नाही, कारण त्याची रचना. आधी बायकोचं रूप, मग ताटातूट, मग मुंबईतली श्रीमंती आणि गरिबी. बेळगाव, कारवार येतात ते फार उशिरा. तोवर विरह ऐकणाऱ्याच्या अंगात मुरलेला असतो, म्हणून तुटलेला नकाशाही त्याला घरचा वाटतो. वाटेगावहून मुंबईला येऊन गिरणीत राबलेल्या, १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभं करणाऱ्या अण्णाभाऊंना हा विरह पुस्तकातून शिकावा लागला नव्हता.

एक गोष्ट मात्र आम्हाला खटकते. मैना स्वतः काहीच बोलत नाही. भोजपुरीत भिखारी ठाकूर यांच्या 'बिदेसिया' नाटकात मागे राहिलेली बायकोच बोलते. आज चाकणला राबणाऱ्या कितीतरी पोरांची मैना तिकडचीच आहे. ही दोन्ही गाणी एकाच बैठकीत ऐकायला हवीत, आणि ती बैठक इथं दापोडीत का होऊ नये?