साधे शब्द, अवघड नोंदी

शब्दकोश उघडला जातो तो बहुधा अडलेल्या शब्दासाठी. वाचताना एखादा अनोळखी शब्द आडवा येतो, आपण पान काढतो, अर्थ बघतो आणि पुढे जातो. या सवयीमुळे शब्दार्थाचा अभ्यास म्हणजे दुर्मीळ, भारदस्त शब्दांचा अभ्यास असा समज रूढ झाला आहे. या विषयात नव्याने येणाऱ्याने तो आधी बाजूला ठेवावा. दुर्मीळ शब्दाला सहसा एकच अर्थ असतो, तो नोंदवला की काम संपते. कोशकाराची कसोटी लागते ती रोजच्या शब्दापाशी, ज्याचा अर्थ विचारावा असे कुणाच्या मनातही येत नाही अशा शब्दापाशी.

इंग्रजीचा दाखला इथे उपयोगी पडतो, कारण तिथल्या कोशकारांनी आपल्या कामाची हकीकतही जपून ठेवली आहे. 1857 साली लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत रिचर्ड शेनेविक्स ट्रेंच यांनी तोवरच्या इंग्रजी कोशांतल्या उणिवा मांडल्या. प्रत्येक शब्दाचा इतिहास लेखी पुराव्यानिशी द्यायचा, ही कल्पना त्यातून पुढे आली आणि तिचाच पुढे ऑक्सफर्डचा कोश झाला. 1879 मध्ये जेम्स मरे संपादक झाले. त्यांनी इंग्रजी वाचणाऱ्या जगभरच्या लोकांना जाहीर आवाहन केले : जुनी-नवी पुस्तके वाचा आणि शब्द सापडला की चिठ्ठी लिहून पाठवा. एका कोपऱ्यात शब्द, खाली साल, लेखक, पुस्तक, पान आणि शब्द जिथे आला ते पूर्ण वाक्य. टपालाने चिठ्ठ्यांचा पाऊस पडला. मरेंची मुलेदेखील त्या लावायला बसत.

चिठ्ठ्या लावताना एक गोष्ट मरेंच्या ध्यानात आली. 'अब्यूजन' या कालबाह्य शब्दाची सुमारे पन्नास अवतरणे जमली होती. 'अब्यूज' या नेहमीच्या शब्दाची पाचही नव्हती. वाचकांनी मन लावून काम केले होते, पण डोळा थांबत होता तो फक्त वेगळ्या दिसणाऱ्या शब्दावर. साधा शब्द त्यांनी वाचला होता, पण पाहिला नव्हता. त्याची अवतरणे मग संपादकांना आणि त्यांच्या मदतनिसांना पुस्तके उपसून मिळवावी लागली. या सबंध शास्त्रातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा धडा हाच आहे. पहिला भाग 1884 मध्ये निघाला, मरे 1915 मध्ये वारले आणि कोश पुरा झाला 1928 साली, अठरा लाखांहून अधिक अवतरणांसह.

इतक्या अवतरणांची गरज काय, हे 'नाइस' या शब्दावरून कळेल. आज इंग्रजी माध्यमाच्या बालवाडीतले मूलही हा शब्द वापरते. त्याचे मूळ लॅटिनमध्ये आहे आणि तिथे त्याचा अर्थ 'न जाणणारा', म्हणजे अडाणी. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ होता मूर्ख, खुळा. पुढच्या शतकांत तो छचोर माणसाला लागला, मग लाजाळू माणसाला, मग खाण्यापिण्यात आणि कपड्यांत फार चोखंदळ असणाऱ्याला. चोखंदळपणातून काटेकोरपणा आला. सूक्ष्म भेद दाखवणाऱ्या युक्तिवादालाही 'नाइस' म्हणू लागले, आणि हा अर्थ जपून लिहिणाऱ्यांच्या इंग्रजीत अजून टिकून आहे. 'छान', 'सुखद' हा आजचा अर्थ रुळला अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. 1817 च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या जेन ऑस्टिनच्या 'नॉर्थँगर ॲबी'त कॅथरिन एका कादंबरीला 'नाइस' म्हणते, तर हेन्री टिल्नी तिची थट्टा करतो : नीटनेटकेपणाबद्दल बोलत असाल, तर ते पुस्तकाच्या बांधणीवर ठरेल! जुना अर्थ जाणणारा आणि नवा अर्थ सहज वापरणारी, दोघे एकाच संभाषणात आहेत. अशी एक जागा हाती लागली की अर्थ कसा सरकतो हे डोळ्यांनी दिसते.

सरकताना तो धूसरही होतो. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या अनेक वाक्यांत लेखकाला 'नाइस'चा नेमका कोणता अर्थ अभिप्रेत होता हे सांगणे कठीण आहे, असे ऑक्सफर्डच्या संपादकांनी कोशातच नमूद केले आहे. मला हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो. पुरावा जिथे थांबतो तिथे कोशकारानेही थांबले पाहिजे.

समानार्थी शब्दांचा प्रांत याला लागूनच आहे. पीटर मार्क रॉजे हे पेशाने डॉक्टर. 1805 पासून त्यांनी स्वतःच्या उपयोगासाठी शब्दांची जुळणी सुरू केली होती. 1852 मध्ये तिचे पुस्तक झाले : हजार कल्पना आणि प्रत्येकीखाली तिचे शब्द. त्याच्या प्रस्तावनेत रॉजेंनी कोलब्रुकने छापलेल्या अमरकोशाचा उल्लेख केला आहे, पण त्याची विषयवारी त्यांना सदोष वाटली. पाठांतरासाठी पद्यात रचलेल्या, लिंगही सांगणाऱ्या ग्रंथाला केवळ वर्गीकरणाच्या मापाने मोजणे मला न्याय्य वाटत नाही. तरीही अकारविल्हे सोडून अर्थाच्या वाटेने शब्द लावण्याची ओढ दोन्हीकडे आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

मात्र अशा यादीत शेजारी बसलेले शब्द एकमेकांच्या जागी चालतातच असे नाही. 'बिग' आणि 'लार्ज' हे दोन्ही 'मोठा'च. पण संख्या आणि प्रमाण यांच्याबरोबर 'लार्ज' सहज बसतो, चूक किंवा अडचण असली की 'बिग' येतो. 'बिग सिस्टर' म्हणजे ताई, 'लार्ज सिस्टर' म्हटले तर तो तिच्या अंगकाठीवर शेरा होईल. कडक चहा इंग्रजीत 'स्ट्राँग' असतो, 'पॉवरफुल' नसतो. कोणता शब्द कोणाच्या सोबतीने येतो हे व्याकरणाचा नियम सांगत नाही, वापरच सांगतो. म्हणून जॉन सिंक्लेअर यांच्या नेतृत्वाखाली बर्मिंगहॅममध्ये संगणकात साठवलेल्या लाखो शब्दांच्या मजकुरावरून कोश रचला गेला आणि तो 1987 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे चिठ्ठीची जागा पडद्यावरच्या ओळींनी घेतली, आणि मरेंना सतावणारा प्रश्नही सुटला, कारण यंत्राला साधा शब्द आणि दुर्मीळ शब्द सारखेच दिसतात. त्या ओळींचे अर्थ लावणारा मात्र अजूनही माणूसच लागतो.

हे काम फक्त परदेशातच झाले असे नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात 1948 मध्ये डॉ. सु. मं. कत्रे यांनी ऐतिहासिक तत्त्वांवरच्या संस्कृत कोशाचा प्रकल्प सुरू केला. सुमारे पंधराशे ग्रंथांतून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या काढल्या गेल्या आणि पहिला खंड 1976 साली छापला गेला. या अभ्यासाकडे वळणाऱ्याने तो एकदा उघडून सावकाश वाचावा.

आणि सुरुवात स्वतःपासून करावी. मराठीत राहायला आलेले इंग्रजी शब्द इथे नवे अर्थ घेत आहेत. दही सेट होते, मुलगा नोकरीत सेट होतो, आणि 'त्यांचं आतून सेटिंग आहे' यातल्या सेटिंगमध्ये इंग्रजीत नसलेला संगनमताचा वास आहे. असा एखादा शब्द निवडा. वर्तमानपत्रात, नाटकात, बसमध्ये तो जिथे भेटेल तिथले पूर्ण वाक्य, तारीख आणि ठिकाण लिहून ठेवा. व्याख्या लिहिण्याची घाई करू नका. वाक्ये पुरेशी जमली की ती टेबलावर मांडून त्यांचे गट पाडा, आणि कोणत्याच गटात न बसणारे वाक्य फेकू नका, ते वेगळे ठेवा.