जाळ्याचे चित्र आणि इतिहासाचा पुरावा

सागरचित्राला इतिहासाचे साधन कोणत्या अर्थाने मानावयाचे, हा प्रश्न दोन चित्रे शेजारी ठेविली असता स्पष्ट होतो. २२ ऑगस्ट १८५१ रोजी आइल ऑफ वाइटभोवती झालेल्या नौकाशर्यतीत ‘अमेरिका’ ही नौका विजयी झाली. ऑस्वल्ड ब्रायर्ली या सागरचित्रकाराच्या चित्रावरून टी. जी. डटन याने त्या प्रसंगाचे शिळामुद्रण केले. त्यातील दिवस, स्थळ व नौका समकालीन वृत्तांतांशी ताडून पाहता येतात. तेथे चित्र हे लेखाचे सोबती होय.

जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांच्या मासेमारीच्या जाळ्याच्या चित्रांना असा लेखी आधार नाही. त्यांचा जन्म तलासरी तालुक्यातील धामणगावचा. पुढे वास्तव्य डहाणू तालुक्यातील कळंबीपाड्यावर. या चित्रांत सूक्ष्म पांढऱ्या रेषांनी विणलेले जाळे बहुतेक जागा व्यापते. माणसे व होडी लहान राहतात. तेथे तिथी नाही, विजेताही नाही. म्हणून त्यांत प्रसंग न शोधता श्रमाचा व्यवहार शोधावा लागतो. १९४५ चा वारली उठाव वेठ व लग्नगडीची पद्धत यांविरुद्ध झाला. त्या काळच्या लेखी नोंदींत वारली मनुष्य मुख्यतः कूळ, वेठबिगार वा बंडखोर म्हणून येतो. श्रमाकडे श्रम करणाऱ्यांच्या समाजातील दृष्टीने पाहण्याची संधी ही चित्रे देतात.

तथापि दोन मर्यादा ध्यानात ठेवणे अवश्य आहे. दोन त्रिकोणांची मनुष्याकृती परंपरागत संकेतातून आलेली आहे. तीवरून वेषाचा, किंवा जाळ्याच्या आकारावरून त्याच्या प्रत्यक्ष मापाचा निष्कर्ष काढता येत नाही. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. लग्नचौक सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर लिहीत. भिंत पुन्हा सारवली की तो नाहीसा होई. १९७० नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी कागद पुरविला. चित्रे टिकू लागली, आणि कर्त्याचे नाव त्यांस जडले. म्हसे यांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार व २०११ साली पद्मश्री मिळाली. ही मान्यता यथार्थच होय. परंतु जपलेला पहिला कागद म्हणजे परंपरेचा आरंभ नव्हे. त्यापूर्वी भिंतींवर लिहिणाऱ्या स्त्रियांची नावे कोणी नोंदविली नाहीत. वारली चित्राचा इतिहास लिहिताना या अभावाची नोंद प्रथम व्हावयास हवी.