न दुखणारी जखम, न विसरणारा मेंदू

दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर या अमेरिकी भूलतज्ज्ञाला एक विलक्षण गोष्ट आढळली. गंभीर जखमी सैनिकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जणांना वेदनाशामक नको होते. जखम म्हणजे रणांगणातून सुटका, या भावनेने वेदना बोथट होत असावी, असा निष्कर्ष त्यांनी १९४६ मध्ये मांडला.

या भावनेला रासायनिक बाजूही असू शकते, हे पुढे उमगले. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन येथे जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून एन्केफॅलिन वेगळे केले. मॉर्फिनसारखे कार्य करणारे द्रव्य मेंदू स्वतःच तयार करतो, हे त्यातून सिद्ध झाले.

व्हिएतनामहून परतलेल्या अनेक सैनिकांच्या मनातील युद्ध मात्र संपले नव्हते. १९८० मध्ये अमेरिकी मनोविकारशास्त्राने त्यांच्या अवस्थेला ‘आघातोत्तर तणाव विकार’ हे नाव दिले. १९९० मध्ये रॉजर पिटमन व सहकाऱ्यांनी अशा आठ माजी सैनिकांना पंधरा मिनिटांची युद्धदृश्ये दाखवली. त्यानंतर उष्णतेच्या चटक्याची वेदना त्यांना ३० टक्के कमी जाणवली. अफूसदृश द्रव्यांचा परिणाम रोखणारे नॅलोक्सोन दिल्यावर ही बधिरता नाहीशी झाली. युद्ध केवळ पडद्यावर होते. शरीराने मात्र ते खरे मानले होते.

दुसरे कोडे कॉर्टिसोल या तणाव-संप्रेरकाचे. ते या रुग्णांत वाढलेले असेल, अशी अपेक्षा होती. १९८६ मध्ये जॉन मेसन यांच्या गटाला ते इतर मनोरुग्णांपेक्षा कमी आढळले. पुढील सर्वच अभ्यासांत तसे दिसले नाही. तरीही प्रश्न उभा राहिला. कॉर्टिसोल तणावाची प्रतिक्रिया आवरण्याचेही काम करते. तो लगामच सैल पडला तर?

या प्रश्नावर बंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेसमध्ये सुमंत्र चटर्जी यांच्या गटाने मोलाचे काम केले. उंदरांना एकदाच दोन तास जखडून ठेवले असता, भीतीशी निगडित असलेल्या अमिग्डालातील चेतापेशींवर दहा दिवसांनी नवे संपर्कबिंदू वाढलेले दिसले, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१२ मध्ये त्यांनी दाखवले की तणावाआधी कॉर्टिसोलच्या जातीचे संप्रेरक दिल्यास हा उशिरा उमटणारा परिणाम टळतो.

उंदरांतील हा निष्कर्ष म्हणजे माणसावरचा उपचार नव्हे. परंतु आघातानंतरचे पहिले दिवस शांत भासले, तरी मेंदूत बदल घडत असू शकतात. अशा माणसाला ‘मन खंबीर कर’ असे सांगून परत पाठवणे पुरेसे नाही, हे या इतिहासातून स्पष्ट होते.