चौकीतले मूल

मंडळी, मी वकील नव्हे. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे कामगारांच्या सभांत आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. परंतु पोलीस चौकी मी बाराव्या वर्षीच पाहिली. ज्या हॉटेलात मी कपबश्या विसळीत असे, तेथील गल्ल्यातून पैसे गेले. हवालदाराने मला रात्रभर कोपऱ्यात बसविले आणि पहाटे एका कागदावर सही घेतली. तो कागद कोणी वाचून दाखविला नाही. आई बाहेर पायरीवर बसून होती. पैसे पुढे मालकाच्या घरातच सापडले. पण माझी सही काही पुसली गेली नाही.

ही एकट्या माझी कथा नव्हे. आपला जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, तर शेजारच्या सोलापुरात इंग्रजांनी गुन्हेगार ठरविलेल्या जमातींना तारेच्या कुंपणात ठेवले होते. १९२४ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्यांची सहा वर्षांवरील मुले आईबापांपासून वेगळी काढण्याचा अधिकार सरकारला दिला. म्हणजे मुलाचा जन्म हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा! ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला. संशय मात्र मागे राहिला.

पुढे २६ मार्च १९७२ च्या रात्री, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथे, चौदा ते सोळा वर्षांची एक आदिवासी मुलगी जबाबासाठी पोलीस ठाण्यात गेली. जबाब संपल्यावर नातलगांना बाहेर पाठवून तिला आत थांबविले गेले आणि ठाण्यातच तिच्यावर अत्याचार झाला, अशी फिर्याद होती. नागपूर खंडपीठाने दोघा पोलिसांना दोषी धरले. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले. अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, हे त्यामागील एक कारण.

१९७९ साली उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर या चौघा अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. दबून गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, हा त्याचा गाभा. स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ साली कायदा बदलला.

त्यानंतर मुलांसाठी कायदे झाले. २०१२ च्या कायद्याप्रमाणे अत्याचार झालेल्या मुलाचा जबाब गणवेशातील पोलिसाने घ्यावयाचा नाही, आणि कोणत्याही कारणाने मुलाला रात्री ठाण्यात ठेवावयाचे नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने आरोप असलेल्या मुलालाही कोठडीत टाकण्यास मनाई केली. चोवीस तासांत त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. २०१६ च्या नियमांनी तर बेडी घालू नये, कबुलीची सक्ती करू नये आणि जबाबावर मुलाची सही घेऊ नये, असे स्पष्टच सांगितले. पंधरा वर्षांखालील मुलाला साक्षीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही; पोलिसांनी त्याच्या घरी यावे.

पण मंडळी, संघटनेत एक गोष्ट शिकलो: कायदा कागदावर असतो, आणि कागद स्वतःहून चौकीची पायरी चढत नाही. माझी आई पायरीवर थांबली, कारण आत जाण्याचा तिला अधिकार आहे, हे तिला कोणी सांगितले नव्हते. उद्या आपल्या गल्लीतले, पालावरचे किंवा ऊसतोड्यांच्या कोपीतले एखादे पोर चौकीत नेले, तर तिच्यासारख्या आईबरोबर आपल्यापैकी एकाने तरी आत जावे. एवढेच मागणे.