प्रार्थनेची हजेरी

बऱ्हाणपुरास आलेल्या पाहुण्याला जुम्मा मशीद दाखविल्यावाचून यजमानाचे कर्तव्य पुरे होत नाही. खानदेशच्या फारुकी घराण्यातील राजे अलीखान यांनी बांधविलेल्या या मशिदीत अरबी लेखाच्या जोडीला एक संस्कृत शिलालेख आहे. आरंभी सृष्टिकर्त्याला नमन, पुढे त्या निर्गुण आणि सर्वव्यापी तत्त्वाची स्तुती, मग राजघराण्याची वंशावळ आणि शेवटी संवत १६४६, शके १५११ हा काळ, तिथी-वार-नक्षत्रांसह. इसवी सनाच्या हिशेबाने हा १५९० चा जानेवारी महिना होय. मशिदीत पंचांग पाहून नवखा मनुष्य थबकतो.

काही महिन्यांपूर्वी फोंड्याकडील एक स्नेही, तेही व्यवसायाने वकीलच, माझ्याकडे उतरले होते. लेखापुढे बराच वेळ उभे राहून ते म्हणाले, “अहो वकीलसाहेब, हे संस्कृत इथे कोणासाठी? जो नमाजाला येतो त्याला ते वाचता येत नसणार, आणि ज्याला वाचता येते तो नमाजाला येत नाही.” मला तत्काळ उत्तर सुचले नाही. घरी परतताना बोलणे त्यांच्या गावच्या इगर्जीवर गेले. रविवारी घंटा होते, माणसे ठेवणीतले कपडे करून जातात. त्यांपैकी कोणाला गाणे आवडते, कोणाला पाद्रींचे प्रवचन लांबते, कोणी केवळ शेजारी काय म्हणतील म्हणून जातो. “आपल्या देवळातही याहून निराळे काय आहे?” असे म्हणून ते हसले. मनुष्य प्रार्थनेच्या घरी आपण होऊन का जातो आणि तेथून मनाने का उठतो, हा प्रश्न मात्र त्यांच्या हसण्याने मिटला नाही. पाहुणे गेल्यावर मी इतिहासाची पाने उलटली. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घराण्यांचा इगर्जीशी पहिला संबंध आला तो हुकमाच्या रूपाने. १५६७ साली गोव्यात धर्मप्रांताची पहिली परिषद भरली. त्या काळच्या आज्ञांप्रमाणे हिंदूंच्या याद्या करावयाच्या आणि त्यांना पाळीपाळीने रविवारी ख्रिस्ती धर्माचे प्रवचन ऐकावयास लावावयाचे, असे ठरले. हजेरीचा कागद आणि धर्माचे प्रवचन यांची गाठ घालून दिली ती अशी. त्याच वर्षी साष्टीतील देवळे मोठ्या संख्येने पाडली गेली. त्या दशकातच कुशस्थळीचा मंगेश नदीपार प्रियोळास आला आणि केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास आली. हा अंत्रुज महाल तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीत होता. आपल्या देवांना आसरा मिळाला तो एका मुसलमान सुलतानाच्या मुलखात, आणि त्यानंतर पाव शतकाच्या आतच दुसऱ्या एका मुसलमान राजाने बऱ्हाणपुरात मशिदीच्या भिंतीवर संस्कृत कोरविले. इतिहास एका रंगाने रंगविणाऱ्यांनी या दोन गोष्टी शेजारी शेजारी मांडून पाहाव्या.

ज्यांनी घरदार सोडले नाही, ते इगर्जीत गेले. त्यांना तेथे काय आवडले आणि काय खुपले, हे सांगणारा एक विलक्षण साक्षीदार आपल्या भाषेत आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला आणि १६१९ साली तेथेच वारला. साष्टीत राहून तो कोकणी व मराठी शिकला. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा मराठी ग्रंथ. ग्रंथाच्या आरंभीच तो एक प्रसंग सांगतो. रविवारी प्रार्थनेनंतर पाद्री मुलांना धर्मतत्त्वे शिकवीत असता नवा ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पुढे येतो आणि गाऱ्हाणे मांडतो. त्याचा आशय असा की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग आमच्या मनाला रमविणारे दुसरे एखादे पुराण तुम्ही का देत नाही?

वकिलाच्या नजरेने पाहता ही तक्रार फार नेमकी आहे. त्या माणसाने नवा धर्म नाकारलेला नाही. त्याचा आक्षेप भाषेच्या आणि रसाच्या उपासमारीला आहे. मिसा लॅटिनमध्ये चाले. गुडघे टेकावे, उठावे, पुन्हा गुडघे टेकावे. कानावर पडणारा शब्द मात्र अर्थाशिवाय निघून जाई. ज्या समाजाने रात्ररात्र पुराण ऐकले, ज्ञानेश्वरीच्या ओवीवर मान डोलविली, त्याला ही मूक हजेरी कशी रुचावी? स्टीफन्सने ते ओळखले आणि ओवीचाच आश्रय घेतला. त्याचा ग्रंथ रविवारी आणि सणावारी इगर्जीत वाचला जाऊ लागला आणि तो इतका लोकप्रिय झाला की १६४९ व १६५४ साली त्याच्या पुन्हा आवृत्त्या निघाल्या. जे हुकमाने साधले नाही ते ओवीने साधले.

पण सत्तेला ओवीचा भरवसा वाटेना. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले की तीन वर्षांत लोकांनी देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. १७३६ साली इन्क्विझिशनने लग्नातील गाणी आणि घरगुती चालीरीती यांवर बंदी घातली. १५६० साली स्थापन झालेले हे धर्मन्यायालय, मध्यंतरीची थोडी वर्षे वगळता, १८१२ पर्यंत टिकले. आपले गाणे दाराबाहेर ठेवून आत येणाऱ्याचे शरीर आत येते. त्याचे मन चपलांपाशीच राहते.

या कथेचा एक धागा आमच्या गावालाही लागतो. अकबराने अशीरगडला वेढा घातला तेव्हा जेरोम झेवियर हे जेझुइट पाद्री त्याच्या छावणीत होते. १६०१ साली गड पडला आणि जुम्मा मशिदीत अकबराच्या विजयाचा फारसी लेख कोरला गेला. एका भिंतीच्या आश्रयाला अरबी, संस्कृत आणि फारसी अशा तीन भाषा आल्या. गोव्यात याच सुमारास स्टीफन्स आपल्या ओव्यांच्या तयारीत असावा.

अडीचशे वर्षांनी महाराष्ट्रात हाच प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगरास ठाणे मांडले. येथे सक्तीची तलवार नव्हती. म्हणून लोकांच्या आवडीनिवडी अधिक स्वच्छ दिसतात. ज्यांना गावातल्या देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्या महार-मांग बांधवांना प्रार्थनामंदिरात एका पंक्तीत बसता आले, हातात पुस्तक मिळाले, मुलगा आणि मुलगीही वाचू लागली. हे आकर्षण केवळ धर्मतत्त्वाचे नव्हते, माणूस म्हणून मोजले जाण्याचे होते. खुपले ते निराळेच. इंग्रजी चालींवर मराठी शब्द ओढूनताणून बसविलेली गीते गाताना ऱ्हस्वाचे दीर्घ होई आणि अर्थाचा अनर्थ. अंगावरचा पोशाख, बसण्याची रीत, पगारी धर्मोपदेशकाचे मिशनवरचे अवलंबन, या सर्वांनी मंदिर परके वाटे.

ही खंत ज्याने सर्वांत तीव्रपणे जाणली तो पुरुष रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण तुकोबाचा हात सोडला नाही. त्यांचे अभंग, भजने आणि कीर्तने यांनी मराठी उपासनेला मराठी गळा दिला. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, ख्रिस्ताचा भक्त तेथे बसू शकावा असा त्यांचा मानस होता. १९१९ साली ते वारले, तरी त्यांची गीते मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत आजही गाइली जातात. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत त्यांना या घरातील देवाधर्माची ओढाताण निराळी सांगावयास नको.

पंडिता रमाबाईंचे उदाहरणही असेच बोलके आहे. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेऊनही त्यांनी धर्माधिकाऱ्यांची आज्ञा डोळे मिटून मानली नाही. लॅटिन अक्षरांचा क्रूस गळ्यात घालण्यास त्या राजी नव्हत्या. अक्षरे हवीत तर ती संस्कृत असावीत, असे त्यांचे म्हणणे होते. ते वाचले आणि आमच्या मशिदीतील शिलालेख माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. पाहुण्यांच्या प्रश्नाचे उत्तर मला तेथे सापडले. तो लेख वाचणारा नमाजाला येवो वा न येवो. ज्या भूमीवर ही भिंत उभी आहे तिच्या भाषेला येथे स्थान आहे, एवढे सांगण्यासाठी तो कोरलेला आहे.

इगर्जीतील चांगले ते हिंदूंनीही उचलले. १८६७ साली मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारख्यांनी तेथे उपासना चालविली. ठरलेल्या वारी एकत्र बसणे, प्रवचन ऐकणे ही पद्धत पाश्चात्त्य. पण गावयाचे ते तुकोबांचे अभंग. उलट रोमच्या इगर्जीनेही धडा घेतला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषेला वाट मोकळी केली, आणि स्टीफन्सच्या त्या ब्राह्मणाचे गाऱ्हाणे साडेतीन शतकांनी दप्तरी दाखल झाले. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी मराठीत ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले आणि २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

येथवर वाचून आपल्याला समाधान वाटले असेल, तर पुढचे चार शब्दही ऐकावे. गोव्यात धर्म बदलला तरी जात सुटली नाही; इगर्जीतील कोंफ्रारींतसुद्धा जातीचे मान आणि रंग वेगळे राहिले. हा दोष त्यांनी परदेशातून आणलेला नव्हता, आपल्याच घरातून नेलेला होता. पंढरपूरचा विठोबा हरिजनांना भेटावा म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. सक्तीने आत ओढणे आणि सक्तीने बाहेर ठेवणे ही एकाच अपराधाची दोन कलमे आहेत. पहिल्या अपराधाचे आपण फिर्यादी आहोत, दुसऱ्याचे आरोपी.

आमच्या राज्यघटनेने या दोहोंची दखल घेतली आहे. २५ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था हिंदूंच्या सर्व वर्गांना खुल्या करण्याचा अधिकार राज्याला दिला. आणि २८ व्या अनुच्छेदाने ठरविले की, शासनमान्य वा अनुदानित शिक्षणसंस्थेत शिकणाऱ्याला त्याच्या संमतीवाचून, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीवाचून, उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येणार नाही. १५६७ च्या यादीला दिलेले हे उत्तर फार उशिरा आले, पण ते कोणा एका धर्मासाठी आलेले नाही.

हल्ली आपल्या मंडळींत एक सूर वारंवार ऐकू येतो की तरुण देवळात येत नाहीत, त्यांना आणण्यासाठी काही नियम करावा. नियम करण्यापूर्वी आपण स्वतःला तीन प्रश्न विचारावे. तेथे जे म्हटले जाते ते त्यांना कळते काय? तेथे त्यांना बसावयास जागा आहे काय, की मानकऱ्यांनीच ती अडविली आहे? आणि न आल्यास कोणी रागावणार नाही, अशी त्यांची खात्री आहे काय? पालखीला खांदा द्यावयास जो आपण होऊन पुढे येतो तोच ती पेलतो. मंगेश आणि शांतादुर्गा यांना ज्यांनी रात्रीच्या अंधारात नदीपार नेले, त्यांची नावे कोणत्याही हजेरीपटावर नव्हती.